मातीचे जेवण

पुसदकडची काळी माती साऱ्यांच्या ओळखीची. पावसात ती पायाला चिकटते. उन्हात तिला भेगा पडतात. अशा मातीत वांगी, मिरची, भेंडी लावायची, तर आधी माती भुसभुशीत व्हायला हवी. नुसते खणून भागत नाही. मातीला खत लागते. खत हेच मातीचे जेवण.

पण खत आणायचे कुठून? घरी एखादी गाय. निम्म्या शेणाच्या गोवऱ्या होतात. उरलेले उकिरड्यावर पडते. ते उन्हाने वाळते, पावसात वाहून जाते. शेतातला काडीकचरा तर आपण जाळूनच टाकतो. कचरा जळाला, म्हणजे खतच जळाले!

यावर उपाय आपल्या पुसदच्याच माणसाने काढला. त्यांचे नाव ना. दे. पांढरीपांडे. ते गांधीजींच्या विचाराने चालणारे कार्यकर्ते होते. लोक त्यांना नाडेप काका म्हणत. म्हणून त्यांच्या खतालाही ‘नाडेप खत’ हे नाव पडले. थोड्या शेणात पुष्कळ खत, ही त्याची खुबी.

टाके कसे बांधावे?

जमिनीवर विटांचे टाके बांधा. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत जागोजागी भोके ठेवा. भोके कशाला? कचरा कुजवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेही जीवच. त्यांना हवा लागते, ओल लागते. हवा भोकांतून आत जाते. विटा नसल्या तर बांबूची किंवा तुराट्यांची ताटी करा. तीही चालते.

टाके कसे भरावे?

आधी आतून शेणकाला शिंपडा. मग काडीकचऱ्याचा अर्धा फूट थर द्या. ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून त्यावर शिंपडा. वर ५० ते ६० किलो चाळलेली कोरडी माती पसरा. असे थरावर थर द्या. काच, दगड, प्लास्टिक घालू नका. काठाच्या वर दीड फूट ढीग आला, की शेणमातीने लिंपा. सारे काम एक-दोन दिवसांत उरका.

पंधरा-वीस दिवसांनी ढीग खचतो. पुन्हा तसेच थर देऊन लिंपा. भेगा दिसल्या तर बुजवा. अधूनमधून पाणी शिंपडून ओल राखा.

तीन-चार महिन्यांत खत तयार होते. महाशिवरात्रीच्या सुमारास टाके भरले, तर मृगाच्या वेळी खत हाताशी येते. सगळे मिळून शेण लागते ९० ते १०० किलो, आणि खत मिळते सुमारे ३ टन!

खत कसे घालावे?

परसातली जागा वीतभर खोल खणा. वाफसा आल्यावरच खणा, बरं का. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली, तर पुढे दगडासारखी ढेकळे होतात. चाळलेले खत दोन बोटे जाड पसरून मातीत मिसळा. वाफा जमिनीपेक्षा उंच करा, म्हणजे पाणी तुंबत नाही. खताने माती मोकळी राहते. पाणी मुरते, मुळे खोल जातात.

यंदा कचऱ्याला काडी लावण्याआधी थोडे थांबा. तो कचरा मातीला द्या. माती तुमच्या ताटात भाजी देईल.