सातव्या महिन्याची गाडी आणि एचबीचा आकडा

११ एप्रिल होऊन गेला. कस्तुरबांची जयंती, आणि २००३ पासूनचा राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन. मातामृत्यूचे आकडे यंदाही सगळ्यांनी वाचले असतील आणि ते दिलासा देणारेच आहेत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७, गुजरातेत ५७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या; एके काळी हे आकडे याच्या कितीतरी पट होते. मला अस्वस्थ करतो तो त्याच सुमाराचा दुसरा आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातेतल्या ६२.६ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत हेच प्रमाण ५१.३ होतं, म्हणजे ते वाढलं. महाराष्ट्रात ते ४९.३ वरून ४५.७ वर आलं. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागांत राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांचा एक पाय गुजरातेत आणि एक जळगाव-धुळे-नंदुरबारात असतो. त्यांच्या लेकी-सुनांची गणती नेमकी कुठे करायची, हा प्रश्न मला कागदी वाटत नाही.

दिवस गेल्यावर मळमळ, जळजळ, बद्धकोष्ठ, कंबरदुखी, गालावरचे वांग, बेंबीखालची काळी रेघ हे सगळं प्रत्येक घराला ठाऊक आहे. रक्तात काय घडतं याची चर्चा मात्र घरात फारशी होत नाही. बाळंतपणापर्यंत आईच्या अंगातलं एकूण रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. वार आणि गर्भाशय पोसायचं असतं, शिवाय बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताची ही आगाऊ तरतूद असते. पण रक्तातला पातळ भाग जितका वाढतो, तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत. त्या २०-३० टक्क्यांनीच वाढतात. म्हणून धडधाकट बाईचंही एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, थोडं खाली येतं, आणि साधारण २८ ते ३४ आठवड्यांत ते तळाला असतं. हे उतरणं निसर्गाचं. ११ च्या खालचं एचबी मात्र आपल्याकडे रक्तक्षयात धरतात. ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. शेवटच्या तिमाहीत ७ च्या खाली असलेल्या बाईला दवाखान्यात दाखल करायचं, आणि ५ च्या खाली असेल तर महिना कोणताही असो, त्याच दिवशी. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तर अकराची बाई ते सोसते, सहाची सोसेलच असं नाही. ‘थोडं रक्त कमी आहे, सगळ्यांचंच असतं’ हे वाक्य म्हणूनच मला फार धोक्याचं वाटतं.

या गोष्टीचा एक मोठा धागा आपल्याच मुंबईत आहे, आणि तो सुरतेच्या कापडापर्यंत येतो. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. विषय होता कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचा जीवघेणा रक्तक्षय. या बायकांच्या तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं मोठ्या होत्या. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, इथे उलट होतं. विल्सबाईंनी जंतूंचा संशय घेऊन पाहिला, मग बायकांच्या ताटाकडे पाहिलं. सर्वांत गरीब घरांत, जिथे भाजीपाला, फळं, दूध फारसं येत नव्हतं, तिथे हा आजार जास्त होता. उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग झाले. अ आणि क जीवनसत्त्वानं काही साधलं नाही. शेवटी रक्तक्षय झालेल्या एका माकडाला त्यांनी मार्माइट दिलं. विलायतेत पावाला लावून खातात तो यीस्टचा काळा, खारट, स्वस्त अर्क. माकड सावरलं. मग तोच अर्क मुंबईच्या रुग्ण बायकांना दिला आणि त्याही सावरल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. त्या अर्कात नेमकं काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला, आणि आज आपण त्याला फॉलिक ॲसिड म्हणतो.

मला या बाईंविषयी फार आदर वाटतो. जगभरातल्या गरोदर बायका आज जी गोळी घेतात, तिची सुरुवात गिरणगावातल्या कामकरी बायकांच्या रक्तातून झाली, हे आपल्या शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवं. फॉलिक ॲसिड अगदी सुरुवातीला लागतं, कारण बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

मुंबईच्या गिरण्या गेल्या, कापड सुरतेत राहिलं. नवरा लूमवर बारा तासांची पाळी करतो आणि बाई घरी साड्यांना लेस लावते, टिकल्या-खडे चिकटवते, धागे कापते. पाटीभर साड्या संपेपर्यंत मांडी घालून, मान खाली. संध्याकाळी पाय सुजतात. शेवटच्या महिन्यांत दिवसभरानंतर पावलांवर थोडी सूज येणं नेहमीचं. रात्री पाय वर घेऊन झोपलं की ती उतरते. चेहरा आणि हातही सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रक्तदाब पाहायचा. १४०/९० किंवा त्याच्यावर असेल तर घरी बसायचं नाही.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. ती सुटते ती दोन कारणांनी. एक, शौचाला काळं होतं, मळमळतं. दुसरं, गोळ्यांनी बाळ काळं होतं किंवा फार मोठं होऊन सिझर करावं लागतं हा पक्का समज. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात भीतीचं काही नाही. आणखी एक अडचण चहाची. खडे चिकटवताना दिवसभर चहा चालतो, आणि चहा लोहाला आतड्यात अडवतो. कॅल्शियमची गोळीही अडवते, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. कळण्याच्या भाकरीबरोबर मेथी असेल तर लोह नीट शोषलं जावं म्हणून वर लिंबू पिळावं. सुरतेतल्या आणि नंदुरबारातल्या आदिवासी घरांत सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय नुसत्या लोहावर विसंबू नये. बाकीच्या नेहमीच्या तपासण्या, म्हणजे वजन, लघवी, रक्तगट, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर, धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस, या ममता दिवसाला (गुजरातेतला माता-बालकांच्या तपासणीचा दिवस) आणि दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत होतात.

आता सातवा महिना. खान्देशी रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की लेकीला उधन्याहून भुसावळकडच्या गाडीत बसवतात: बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. मला या रीतीला नावं ठेवायची नाहीत. आईजवळची विश्रांती आणि ताटात पडणारा घास यांचं मोल मोठं आहे, सुरतेतल्या एका खोलीत ते मिळत नाही. अडचण तारखांची आहे. सातवा महिना म्हणजे साधारण २८ ते ३२ आठवडे. रक्त सर्वांत पातळ याच वेळी, रक्तदाब चढायची भीती यापुढे जास्त, ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह त्यांच्या अँटी-डी इंजेक्शनची वेळही हीच. आणि याच आठवड्यांत डॉक्टर बदलतो, राज्य बदलतं, आरोग्यसेविका बदलते.

समजा दोंडाईच्यात एचबी ९.५ भरलं. ते सुरतेत ८ वरून गोळ्यांनी चढत आलंय, की ११ वरून घसरत आलंय? पहिल्या बाईला तीच गोळी पुढे द्यायची. दुसरीला कारण शोधावं लागेल, कदाचित शिरेतून लोह द्यावं लागेल, कारण हातात आता आठ-दहा आठवडेच उरलेत. दोघींचा आकडा सारखाच, आणि फरक सांगणारा कागद म्हणजे तपासण्यांची नोंद असलेलं ममता कार्ड. ते गुजरातीत छापलेलं असतं आणि पुष्कळदा सुरतेतच कपाटात राहतं.

सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, म्हणजे इथली मराठी वस्ती तिला चांगली ठाऊक आहे. मग लिंबायत-उधन्याच्या आरोग्य केंद्रांनी पहिल्या नोंदणीलाच माहेरचा तालुका लिहून घ्यावा, आणि सातव्या महिन्यात तिकडच्या सरकारी दवाखान्याला फोन करून बाईचं नाव, शेवटची तीन एचबी, रक्तदाब आणि रक्तगट कळवावा. कार्डात मराठीत एक पान जोडायला फार खर्च नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा परिषदांनीही माहेरवाशिणींची वेगळी यादी ठेवावी. कोणत्या गावात सुरतेहून कोण आली, हे आशाताईंना पहिल्याच दिवशी कळतं. हे होईतो घरच्यांनी ओटीच्या सामानात कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि दोन महिन्यांच्या लाल गोळ्या ठेवाव्यात, प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनवर घ्यावा, आणि माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच एचबी आणि रक्तदाब तपासून घ्यावा.