आईचे ताट आणि म्हातारपणाची आठवण

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पेन्शनधारकांची रांग लागते. त्या काउंटरवर आम्ही बरीच वर्षे काढली. नेहमी येणारे एक आजोबा एकदा पैसे घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने पुन्हा स्लिप भरून उभे राहिले. सोबतचा मुलगा म्हणाला, "साहेब, वय झालं त्यांचं." आम्हालाही तसेच वाटले. पुढे डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली आणि काही महिन्यांत आजोबा पुष्कळ सावरले.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. विज्ञानावर आमचा अधिकार नाही. परंतु हा विषय समजून घेऊ लागलो तेव्हा कळले की, यावरचे मोलाचे काम आपल्याच पुण्यात झाले आहे.

प्रथम जनुकांविषयी थोडेसे. आईवडिलांकडून आलेली जनुके जन्मभर तीच राहतात. मात्र कोणते जनुक केव्हा काम करील, हे त्यांवरच्या सूक्ष्म रासायनिक खुणांवर अवलंबून असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते तेच, शिल्लकही तीच. पण 'स्टॉप पेमेंट'ची सूचना लागली की पैसे मिळत नाहीत. अशी एक महत्त्वाची खूण म्हणजे मिथाइल. ती तयार होण्यासाठी फोलेट आणि ब-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. फोलेट पालेभाज्या व कडधान्यांतून मिळते. ब-१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच असते. भाकरी, डाळ, भाजीत ते नसते.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. हातपाय काटकुळे, तरी इंग्लंडमधील बाळांच्या मानाने अंगात चरबी टिकून होती. निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ कमी होते. फोलेटची उणीव क्वचितच आढळली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. मधुमेहाची वाट येथूनच सुरू होते, आणि मधुमेहाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. त्याच वर्षीच्या पुण्यातील आणखी एका अभ्यासात, ब-१२ कमी असलेल्या मातांची नऊ वर्षांची मुले एकाग्रतेच्या व तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्या काळात नुकतीच गर्भात आलेली मुले साठीला पोचली, तेव्हाही त्यांच्या एका जनुकावरील मिथाइलच्या खुणा भावंडांपेक्षा कमी आढळल्या. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढून खडी फोडणाऱ्या माउल्या होत्या. त्यांच्या पोटची पिढी आज पन्नाशीत आहे.

येथे एक सावधगिरी हवी. आहार, जनुकांवरील खुणा आणि म्हातारपणचा स्मृतिभ्रंश ही साखळी अखेरपर्यंत सिद्ध झालेली नाही. ज्यांना उणीव नाही, त्यांची स्मरणशक्ती गोळ्यांनी वाढते असेही नाही. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे धूम्रपान, एकटेपणा यांबरोबर लहानपणी शिक्षण न मिळणे हेही आहे. विद्यार्थी मित्रांनी हे ध्यानात ठेवावे.

मग आपण काय करावे? घरातील वडीलधारे विसरू लागले तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना विचारून ब-१२ तपासून घ्यावे. गरोदर सुनेला वा लेकीला दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फोलिकच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात, सोबत ब-१२ विषयीही विचारावे. दूध, दही किंवा अंडे, जे परवडेल ते तिच्या ताटात रोज पडावे.

आपल्या घरांत आई सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवते. त्या ताटात जे पडत नाही, त्याची उणीव पुढच्या पिढीच्या अंगात उतरते. ही रीत बदलायला सरकारी योजना लागत नाही. आजच्या रात्रीच्या जेवणापासून ती बदलता येईल.