चाकांवरची वास्तू आणि न गंजणारा पत्रा

येलदरी धरणाची भिंत पाहून जिंतूरच्या सडकेने परतू लागले, की पूर्णेच्या अडवलेल्या पाण्यावरून येणारा ओलसर वारा पाठीशी असतो आणि समोर, रस्त्याच्या कडेला, चारही अंगांनी स्टीलच्या पत्र्याने मढवलेली, उन्हात डोळे दिपवणारी भज्यांची हातगाडी उभी असते; तिच्यापुढे चहाचा पेला हाती धरून उभे असताना मला अमेरिकेतील ‘डायनर’ नामक उपाहारगृहांचे स्मरण होते. वाचकांस हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटेल. परंतु वंशावळ तपासली असता डायनरचा मूळपुरुष अशीच एक गाडी होती, असे आढळते.

१८७२ साली ऱ्होड आयलंड संस्थानातील प्रॉव्हिडन्स शहरी वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने (हा कादंबरीकार नव्हे) घोड्याच्या मालगाडीत फेरफार करून वर्तमानपत्राच्या कचेरीतील रात्रपाळीच्या मंडळींना खाद्यपदार्थ विकण्यास प्रारंभ केला. पुढे गिऱ्हाइकाला पावसाथंडीत आत उभे राहता यावे म्हणून गाडी मोठी झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जेरी ओमाहनी यांच्यासारखे न्यू जर्सीचे कारखानदार अवघे उपाहारगृहच, शेगडीपासून स्टुलांपर्यंत, कारखान्यात सिद्ध करून मुक्कामी पोहोचवू लागले. ही उपाहारगृहे म्हणजे आगगाडीचे मोडीत काढलेले डबे होत, हा समज फार पसरला आहे. घोड्यांच्या जुन्या ट्रामगाड्यांचा काही ठिकाणी तसा उपयोग झाला खरा, पण बहुतेक डायनर हे डब्यासारखे दिसणारे, परंतु कधीही डबा नसलेले बांधकाम होते. आकाराचे कारण सौंदर्यदृष्टीत नसून वाहतुकीत होते: जी वास्तू सडकेने वा रुळाने न्यावयाची, तिची रुंदी सडक आणि रूळच ठरवणार. मग अरुंद जागेत लांबच लांब ओटा, त्यापुढे जमिनीत रोवलेली स्टुले आणि पाठीमागे शेगडी, अशी मांडणी ओघानेच आली. रांधणारा, वाढणारा आणि गल्ला सांभाळणारा हा एकच इसम दोन पावलांत तिन्ही कामे उरकू शके.

चकाकी मात्र आगगाडीनेच दिली. २६ मे १९३४ रोजी ‘झेफर’ ही बड कंपनीने बांधलेली स्टेनलेस स्टीलची गाडी डेन्व्हरहून शिकागोपर्यंतचे सुमारे १०१५ मैलांचे अंतर १३ तास ५ मिनिटांत कापून गेली, आणि वेगाचे वेड लागलेल्या त्या राष्ट्राला रुपेरी पत्रा हेच भविष्यकाळाचे वस्त्र वाटू लागले. या गाडीमागची खरी करामत जोडकामाची होती. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या दरम्यान हे पोलाद काही काळ राहिले, तर त्यातील कार्बन क्रोमियमशी संयोग पावतो, कणांच्या सीमेवरचे क्रोमियम त्यात खर्ची पडते, आणि जो पत्रा गंजू नये म्हणून महागात घेतला तो नेमका सांध्यापाशीच कुजू लागतो. बडच्या अभियंत्यांनी विजेचा प्रवाह क्षणाच्या अल्पांशापुरताच सोडून, कार्बनला ही फितुरी करण्यास सवडच मिळणार नाही असा बंदोबस्त केला. पत्र्याला पन्हळी पाडल्या तर तोच पातळ पत्रा वाकण्यास कितीतरी अधिक विरोध करतो, हे तर मराठवाड्यातील पत्र्याच्या घरांत वाढलेल्या कोणासही सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय पन्हळींमुळे पोचे झाकले जातात. डायनरवाल्यांनी हा पन्हळी साज उचलला, आणि १९४६ साली न्यूयॉर्कच्या टेन्थ अ‍ॅव्हेन्यूवर फोडेरो कंपनीने उभारलेले ‘एम्पायर डायनर’ त्याची साक्ष देते.

‘स्टेनलेस’ हे नाव तसे दिशाभूल करणारे आहे. हे पोलादही हवेतील प्राणवायूशी संयोग पावतेच. मात्र त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असल्यामुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी जाडीचा पापुद्रा धरतो, जो ओरखडा पडताच आपोआप पुन्हा सांधला जातो. भांड्यांत सामान्यतः १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. राखेने घासलेले पातेले म्हणूनच सुखरूप राहते. त्याचा वैरी वेगळाच. मिठातील क्लोराइड या पापुद्र्याला भोके पाडते, आणि थंड पाण्यात टाकलेले मीठ तळाशी बसून राहिले की बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालून ते ढवळणारी गृहिणी नकळत रसायनशास्त्रच आचरत असते.

आपल्याकडे या परंपरेने उलट मार्ग धरला. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे धावू लागलेल्या दख्खनच्या राणीचा भोजनडबा हा खरोखरचा ‘डायनर’; २०२२ साली तिला नवे डबे मिळाले तेव्हा कायाही स्टेनलेस स्टीलची झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात तर २०२१ साली जुना डबा रुळाच्या तुकड्यावर उभा करून त्याचेच उपाहारगृह केले गेले. अमेरिकेने इमारतीला डब्याचे रूप दिले, आपण डब्याचीच इमारत केली. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर मला आपला प्रकार सरस वाटतो, वास्तुशास्त्राच्या कसोटीवर त्यांचा. येलदरीला आगगाडी नाही. तेथे हा सारा इतिहास अद्याप १८७२ सालीच थांबला आहे, आणि भजी उत्तम मिळतात.