खंडेनवमीला ट्रॅक्टर चमकवताय? डिझेलचा बोळा फिरवण्याआधी हे वाचा

खंडेनवमी जवळ आली की गावोगाव गाड्या धुण्याची झुंबड उडते. विहिरीच्या मोटारीवर, नाहीतर वॉशिंग सेंटरवर ट्रॅक्टर, पिकअप आणि दुचाकींची रांग लागते. आधी कपड्यांची पावडर, मग डिझेलचा बोळा आणि शेवटी दुकानातून आणलेली पॉलिशची बाटली, असा ठरलेला कार्यक्रम. पूजेच्या दिवशी गाडी झळकते. मात्र दिवाळी सरेपर्यंत बॉनेट पुन्हा पांढुरकं दिसायला लागतं. मेहनत कमी पडलेली नसते, वस्तू चुकीची निवडलेली असते.

हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. पत्र्याला गंजापासून वाचवतो तो रंग. रंग गेला की गंज चढतो आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पहिलं बोट तिथेच ठेवतं.

कपड्यांची पावडर का नको?

कपड्यांची पावडर तीव्र अल्कली असते. ती मळाबरोबर रंगावरचं मेणाचं संरक्षणही धुऊन नेते. पावडर नीट विरघळली नाही तर तिच्या कणांनी बारीक ओरखडे पडतात. त्याऐवजी गाडी धुण्याचा शाम्पू वापरावा. बादलीभर पाण्याला थोडासाच पुरतो.

आधी नुसत्या पाण्याने चिखल आणि वाळू भिजवून खाली काढावी, मगच फडका लावावा. कोरड्या धुळीवर फडका फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासल्यासारखंच. बॉनेट तापलेलं असताना, भर उन्हात गाडी धुऊ नये. पाणी लगेच वाळतं आणि डाग उरतात.

डिझेल, रॉकेल: चमक दोन दिवसांची

डिझेल पुसल्यावर दिसते ती तेलाच्या थराची चमक. त्याच थरावर धूळ चिकटते. डिझेलने रबरी पाइप, सील आणि बुशिंग फुगतात, नरम पडतात. प्लॅस्टिकच्या हेडलाइटवर थिनर किंवा पेट्रोल लावल्यास काच धुरकट होते, बारीक तडे जातात. ग्रीस आणि काळं ऑइल काढायला डिग्रीझर मिळतं. ते फक्त चिकट भागापुरतं लावावं, बाटलीवर लिहिलं असेल तितकं पाणी मिसळावं आणि वाळायच्या आत धुऊन टाकावं.

कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स एक नव्हे

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दुकानात तिन्ही शेजारी असतात, पण काम वेगळं आहे.

रबिंग कंपाउंड: हे घासून रंगाचा वरचा मेलेला थर काढतं. उन्हाने पांढुरक्या पडलेल्या जुन्या बॉनेटवर उपयोगी, पण दरवर्षी लावण्याची वस्तू नाही. मोटारीवरचा रंगाचा सगळा थर साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढा असतो.

पॉलिश: कंपाउंडपेक्षा सौम्य. बारीक ओरखडे कमी करून चमक आणतं. बहुतेक पॉलिश रंगाला फारसं संरक्षण देत नाही.

वॅक्स: हे मेण. ऊन, पाणी आणि धूळ थेट रंगावर बसू देत नाही. उन्हापावसात राहणाऱ्या गाडीवर एक-दोन महिनेच टिकतं, मग पुन्हा लावावं लागतं. सीलंट नावाने मिळणारं कृत्रिम संरक्षण त्याहून जास्त दिवस टिकतं.

रंग अजून चांगला असेल तर कंपाउंडच्या वाटेला जाऊच नये. धुऊन, वाळवून थेट वॅक्स लावावं. जुन्या ट्रॅक्टरवर कंपाउंड घासताना फडका लाल किंवा निळा झाला, तर तो निघालेला रंग आहे, मळ नव्हे. तिथेच हात आवरावा. कंपाउंड लावलंच तर त्यावर वॅक्स हवंच, नाहीतर उघडा पडलेला रंग लवकर विटतो.

खत, फवारणी आणि बोअरचं पाणी

खत हवेतली ओल ओढून घेतं. पोटॅशमध्ये क्लोराइड असल्याने पत्रा झपाट्याने गंजतो. खत वाहिल्यावर ट्रॉली आणि पिकअपचा हौदा त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावा, कोपरे आणि सांधे विसरू नयेत. फवारणीचा ट्रॅक्टर धुताना हातमोजे घालावेत आणि ते पाणी विहिरीत किंवा ओढ्यात जाऊ देऊ नये.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडले तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून पुसावं आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवावं. संडास साफ करण्याचं ॲसिड मात्र चुकूनही वापरू नये. त्याने रिम आणि क्रोम खराब होतं. डाग पडूच नयेत म्हणून धुतल्याबरोबर कोरड्या फडक्याने पाणी टिपणं सगळ्यात सोपं.

प्रेशर आणि टायर पॉलिश जपून

प्रेशरच्या पाण्याचा नोझल किमान हातभर लांब धरावा. जवळून मारल्यास रेडिएटरच्या जाळीच्या पात्या वाकतात, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत शिरतं आणि स्टिकर उखडतात. अल्टरनेटर आणि वायरिंगवर थेट पाणी नको.

टायरला लावायचं चमकदार पॉलिश टायरच्या बाजूलाच लावावं. ब्रेक-क्लचचे पेडल, पायरी, स्टिअरिंग किंवा दुचाकीच्या सीटवर लावलं तर पाय आणि हात घसरतो. दुचाकीच्या टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तर थेंबही नको.

खरेदीआधी एवढं बघा

बाटलीवर कंपाउंड, पॉलिश की वॅक्स हे वाचावं. नवी वस्तू आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावी. फडका मऊ, बटण-चेन नसलेला असावा आणि जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. गंजाचा ठिपका दिसला तर त्यावर पॉलिश लावून उपयोग नाही. तो घासून काढून प्राइमर मारावा, मग रंग लावावा.

खिशाला एकच वस्तू परवडत असेल तर शाम्पू घ्यावा, दोन परवडत असतील तर सोबत वॅक्स. आणि काम झालं की ट्रॅक्टर सावलीत, छपराखाली लावावा. उन्हापासून इतकं जपणारं दुसरं काही कुठल्याच बाटलीत मिळत नाही.