व्रण आणि ब्रण : सावळ्या त्वचेवरील मुरमांविषयी

कोलकात्यातील औषधाच्या दुकानात एखादी तरुणी 'ब्रण'साठी मलम मागते, तेव्हा मराठी माणसाचा क्षणभर असा समज होतो की तिला कोठे तरी जखम झाली असावी. संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. मराठीत ह्या शब्दाचा ओढा जखम भरून आल्यावर मागे राहणाऱ्या खुणेकडे आहे, तर बंगालीत तो तारुण्यातील मुरमांचे नित्याचे नाव होऊन बसला. सावळ्या त्वचेचे दुखणे समजून घ्यावयाचे तर मुरूम आणि खूण हे दोन्ही अर्थ एकत्र धरावे लागतात, आणि उपचाराची चूक बहुधा त्यांची ताटातूट केल्यामुळेच होते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' येते. तिला शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या वा बंगालातील शिमुलाच्या, काट्यांची उपमा दिली आहे. उपमा नेमकी आहे. पण ती उंचवट्याची आहे, रंगाची नव्हे. काळसर डागांसाठी तेथे 'व्यंग', 'न्यच्छ' अशी निराळी नावे आहेत (मराठीतील 'वांग' हा ह्या व्यंगाचाच वंशज).

मुरमाची उत्पत्ती सर्व वर्णांत सारखीच असते. केसाच्या मुळाशी तैलग्रंथीचा स्राव व मृत पेशी साचून छिद्र बुजते, तेथील जिवाणूंमुळे दाह वाढतो. भेद आहे तो पुढे. गोऱ्या त्वचेवर हा दाह लाल दिसतो. सावळ्या त्वचेवर लाली लपते, आणि दाहाने चेतवलेल्या रंगपेशी अधिक रंगद्रव्य निर्माण करतात. मुरूम आठवड्या-दोन आठवड्यांत बसतो, डाग मात्र कित्येक महिने टिकतो. रंगद्रव्य त्वचेच्या खालच्या थरात उतरले तर त्याहूनही अधिक काळ. म्हणून रुग्ण बहुधा मुरमाची नव्हे, 'दागा'ची तक्रार घेऊन येतो, आणि येथेच वर्णाविषयीचा आपला जुना पूर्वग्रह आडवा येतो. 1975 साली भारतात बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ला आपले नाव बदलण्यास 2020 साल उजाडावे लागले. ह्यापेक्षा घातक प्रकार स्टेरॉइड मलमांचा होय. ती लावताच सूज ओसरते, चेहरा उजळतो. काही काळाने त्वचा पातळ होते, नवे मुरूम येतात, आणि मलम थांबविताच आग होऊ लागते. ह्या परावलंबित्वाला स्वतंत्र विकार म्हणून नाव देण्यात कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ कौशिक लाहिरी व अरिजित कुंडू ह्यांचा मोठा वाटा आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण अशी मलमे वापरीत असल्याचे आढळले. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस बंदी केली.

खरा उपाय संथ आहे : मुरूम पिळू नये, दाह लवकर शमवावा, उन्हापासून चेहरा जपावा. अ‍ॅडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅझेलाइक आम्ल ही औषधे उपयुक्त आहेत. मात्र ती सौम्य मात्रेपासून सुरू करावी लागतात, कारण औषधाने झालेली जळजळही सावळ्या त्वचेवर डागच ठेवून जाते. गर्भवतीने अ‍ॅडापलीन टाळावे. आणि कोणतेही मलम घेताना नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ह्यांपैकी एखादे नाव आहे काय, हे पाहावे. ही नावे बहुधा इंग्रजीत आणि बारीक टाइपात असतात. 'ब्रण' म्हणून मलम मागणाऱ्या मुलीला ती वाचून दाखविणारे कोणी दुकानात असतेच असे नाही.