चौकट : आधी स्टाईल, मग मजकूर

लातूर-नांदेडच्या डीटीपी सेंटरवर ‘नीट’चा प्रश्नसंच जुळवायला घेताना ‘प्रश्न’, ‘पर्याय’ आणि ‘उपशीर्षक’ अशा तीन स्टाईल आधी बांधाव्यात. इनडिझाईनमध्ये एफ ११ दाबलं की पॅरेग्राफ स्टाईल्सचं पॅनेल उघडतं. एक प्रश्न मनासारखा सजवा, त्यात कर्सर ठेवा, नवी स्टाईल करा आणि तिला नाव द्या. ‘स्टाईल १’ असलं नाव नको, पुढच्या वर्षी त्याचा अर्थ लागत नाही.

क्रमांक बाहेर आणि मजकूर आत हवा, तर डावा इंडेंट ८ मिमी, पहिल्या ओळीचा उणे ८ मिमी. खरी काळजी ओळींमधल्या अंतराची. सॉफ्टवेअर आपोआप १२० टक्के धरतं, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांना भिडतात; १६-१७ ठेवा, वाचणाऱ्या पोरांचे डोळे वाचतील. स्टाईलच्या जस्टिफिकेशनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.

‘पर्याय’ ही ‘प्रश्न’वर आधारलेली ठेवली, की फॉन्ट एकदाच बदलावा लागतो. स्टाईलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसलं, तर तिथे कुणीतरी हाताने बदल केलाय असं समजा.

जुन्या श्री-लिपीतल्या फाइली युनिकोडमध्ये आणताना मात्र नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.