स्वरयंत्र काढल्यावर आवाज परत मिळू शकतो, पण श्वासाचं काय?

ठसका लागला की आपला हात आपोआप तोंडावर जातो. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेल्या माणसाला हाच हात मानेवर न्यायची सवय लावून घ्यावी लागते. कारण आता त्याचा खोकला मानेतून बाहेर पडतो.

स्वरयंत्राचा कॅन्सर म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'मग बोलणार कसं?' प्रश्न रास्त आहे आणि त्याला आज चांगली उत्तरंही आहेत. पण ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस बदलतो, तो मुख्यतः श्वासामुळे.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं?

स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तोंडाशी असतं. आवाज काढणं हे त्याचं एक काम. घास श्वासनलिकेत जाऊ न देणं हे दुसरं. कॅन्सर बराच पसरला असेल किंवा रेडिएशननंतर परत आला असेल, तर संपूर्ण स्वरयंत्र काढावं लागू शकतं. याला टोटल लॅरिंजेक्टॉमी म्हणतात. मग श्वासनलिकेचं वरचं टोक पुढे वळवून मानेच्या खालच्या भागात त्वचेला जोडतात. तिथे जे भोक राहतं त्याला स्टोमा म्हणतात. पुढे आयुष्यभर श्वास तिथूनच. नाकातोंडाचा फुफ्फुसांशी संबंध संपतो आणि तोंडातून फक्त अन्न-पाणी जातं.

मग आवाज कुठून येतो?

स्वरयंत्र फक्त कंपन निर्माण करतं. त्या कंपनाचे शब्द जीभ, ओठ, टाळू आणि दात मिळून बनवतात आणि हे सगळं जागेवरच असतं. म्हणजे दुसरीकडून कंपन मिळालं की झालं.

सगळ्यात जुना मार्ग म्हणजे हवा अन्ननलिकेत ओढून, ढेकर दिल्यासारखी बाहेर सोडत बोलणं. खर्च शून्य, पण शिकायला कित्येक महिने जातात आणि सगळ्यांना ते जमत नाही. दुसरा मार्ग इलेक्ट्रोलॅरिंक्सचा. बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र मानेला किंवा गालाला लावायचं. आवाज एकसुरी, यंत्रमानवासारखा येतो. फोनवर समोरच्याला तो रेकॉर्ड केलेला कॉल वाटतो आणि तो कट करतो.

तिसरा मार्ग आज सगळ्यात जास्त वापरला जातो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छोटं छिद्र करून सिलिकॉनचा एकतर्फी व्हॉल्व्ह बसवतात. अंगठ्याने स्टोमा झाकून श्वास सोडला की हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते, तिथल्या भिंती थरथरतात आणि आवाज उमटतो. घोगरा, पण आपल्या श्वासाचा. व्हॉल्व्ह एकतर्फी असल्यामुळे चहा-पाणी श्वासनलिकेत उतरत नाही. मात्र त्यावर बुरशी साचते, तो गळू लागतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. मग बदलावा लागतो, काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा.

खरी अडचण इथेच आहे. आयात केलेल्या व्हॉल्व्हला हजारो रुपये पडतात आणि हा खर्च एकदाचा नसतो. म्हणूनच बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव आणि शशांक महेश यांनी बनवलेल्या 'ओम' या व्हॉल्व्हची एवढी चर्चा झाली. त्याची किंमत सांगितली गेली होती साधारण ५० रुपये.

बदलतं ते रोजचं जगणं

नाक हवा गाळतं, ती ओलसर आणि कोमट करतं. ते मधून वगळलं की कोरडी, धुळीची हवा थेट फुफ्फुसात जाते. कफ वाढतो, त्याच्या खपल्या धरतात. त्यासाठी स्टोमावर फिल्टर लावतात किंवा निदान ओलसर सुती कापड बांधतात. फोडणीचा ठसका, फटाक्यांचा धूर, रंगपंचमीचा कोरडा रंग यांपासून जपावं लागतं.

नाकातून हवा जात नाही म्हणून वासही जातो. स्वयंपाकघरातला गॅस गळतोय हे कळत नाही, तेव्हा घरात गॅस डिटेक्टर हवाच. वास थोडाफार परत मिळवता येतो. ओठ मिटून, जांभई दाबल्यासारखा जबडा खाली न्यायचा, म्हणजे नाकात हवा ओढली जाते. स्पीच थेरपिस्ट हे शिकवतात. गरम चहावर फुंकर मारता येत नाही. छातीत श्वास कोंडून जड वस्तू उचलणं अवघड जातं. आणि हो, घोरणं बंद होतं!

काम, प्रवास, पोहणं?

डॉ. इत्झाक ब्रुक हे अमेरिकेतले बालरोग आणि संसर्गरोग तज्ज्ञ. २००८ मध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं. त्यानंतरही ते व्याख्यानं देत राहिले आणि अशा रुग्णांसाठी त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेची अनेक भाषांत भाषांतरं झाली. लंडनमध्ये डॉ. थॉमस मूर्स यांनी तर स्वरयंत्र नसलेल्या लोकांचा गायकवृंद उभा केलाय. पाण्याचं मात्र जपूनच. स्टोमात पाणी शिरलं तर ते थेट फुफ्फुसात जातं. अंघोळीला स्टोमावर आवरण लागतं आणि पोहायचं तर खास नळीचं उपकरण आणि रीतसर प्रशिक्षण.

नोकरदारांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत लॅरिंजेक्टॉमीचा थेट उल्लेख आहे. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो.

रस्त्यात चक्कर आली तर?

इथे चूक जिवावर बेतू शकते. असा माणूस बेशुद्ध पडला की मदतीला आलेले लोक सवयीने ऑक्सिजनचा मास्क नाकातोंडावर लावतात किंवा तोंडाने श्वास देऊ पाहतात. त्यातला काहीच श्वास फुफ्फुसांपर्यंत पोहोचत नाही. वर गळ्याभोवतीचा स्कार्फ 'गुदमरतोय' म्हणून सैल करायलाही कुणी धजावत नाही.

मान उघडी करा. स्टोमावर फिल्टर किंवा कापड असेल तर बाजूला करा, आतला व्हॉल्व्ह मात्र ओढू नका. ऑक्सिजन स्टोमावर धरायचा, कृत्रिम श्वासही तिथेच द्यायचा. १०८ ला फोन करताना 'पेशंट मानेतून श्वास घेतो' हे पहिल्याच वाक्यात सांगा. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी हेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड खिशात आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर ठेवावं. एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी तर नक्कीच.